‘चायनीज’च्या पलीकडचं चिनी ताट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. दिवेलागणीला एसटी स्टँडबाहेर एक लाल रंगाची हातगाडी हमखास उभी असते. तिच्यावर ड्रॅगनचं चित्र आणि खाली ‘चायनीज’ हा शब्द, तो जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारांनी. फरफरणारी शेगडी, कोबीच्या ढिगावर चाललेला सुरा, आणि भोवती कॉलेजच्या पोरांपासून बाजार करून परतणाऱ्या कुटुंबांपर्यंत सगळे. मंचुरियन, शेजवान राइस, हाका नूडल्स. मीही ते आवडीनं खाते. त्याला नावं ठेवायला मी आलेली नाही.

पण हे जेवण मुळात आपलं आहे, हे माहीत असलेलं बरं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी माणसं कोलकात्याला येऊन स्थायिक झाली. त्यात हाका समाजाचे पुष्कळ लोक होते. त्यांनी आपल्या स्वयंपाकात इथली हिरवी मिरची, आलं-लसूण, कोथिंबीर घेतली आणि एक नवीन भारतीय पाकशैली जन्माला आली. मंचुरियनची कथा तर मुंबईची. मूळचे कोलकात्याचे नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. मंचुरिया हा चीनचा ईशान्य भाग. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि लोक आंबवलेल्या कोबीचा गरमागरम रस्सा पितात. आपलं मंचुरियन त्यांनी बापजन्मात पाहिलेलं नाही.

नोकरीच्या निमित्तानं मी चार वर्षं चीनमध्ये राहिले, आधी बीजिंगला आणि नंतर चेंगदूला. जाताना ओळखीच्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, ‘अगं, तिथे खाणार काय तू?’ आणि परत आल्यावरही पहिला प्रश्न तोच होता, फक्त भूतकाळात. या प्रश्नामागे काळजी होती तशी थोडी शिसारीही होती. म्हणून आज मी त्याचं नीट उत्तर देणार आहे. चीनमधले जुने, लोकप्रिय आणि आवर्जून चाखावेत असे पदार्थ कोणते, ते तसे का झाले, आणि आपल्यासारख्यानं ते कसे खावेत, याबद्दल बोलणार आहे.

आधी थोडा भूगोल. आपल्याकडे सह्याद्री ओलांडला की ताट बदलतं. देशावर भाकरी, कोकणात भात. चीनमध्ये हीच फाळणी छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी करतात. त्या रेषेच्या उत्तरेला पाऊस कमी, म्हणून गहू आणि भरड धान्यं. दक्षिणेला पाऊस भरपूर, म्हणून भात. तेव्हा ‘चिनी लोक रोज भात खातात’ हे विधान ‘मराठी लोक रोज सोलकढी पितात’ याच्याइतकंच खरं आहे. उत्तरेत तुम्हाला शेवया, वाफवलेले पाव आणि पोळीचे प्रकार भेटतील. चिनी जाणकार आठ मोठ्या पाकशैली मानतात. शानतुंग, सिचुआन, कँटन, हूनान, फूच्यान अशी ती यादी. एका शैलीत वाढलेल्याला दुसरी परकी वाटू शकते.

दुसरी गोष्ट सुरीची. चिनी जेवणात पानावर सुरी येत नाही. कापाकापी सगळी स्वयंपाकघरात होते आणि पानात येतो तो काडीनं उचलता येईल असा तुकडा. बारीक चिरलेलं लवकर शिजतं, जळण वाचतं. चिरायला एक तास आणि शिजवायला दोन मिनिटं, असा हा हिशोब. आणि प्रत्येकाचं वेगळं ताट नसतं. भाताची वाटी आपली, बाकी सगळं टेबलाच्या मधोमध, सगळ्यांचं. एकट्यानं एक पदार्थ मागवून खाल्ला तर तिथलं जेवण कळत नाही. चार जणांनी पाच पदार्थ मागवावेत, तेव्हा त्याची गंमत समजते.

आता उत्तरेपासून सुरुवात करू. तिथला सणाचा पदार्थ म्हणजे ‘ज्याओझ’. कणकेची लहान, कडेला पातळ आणि मध्ये जाड अशी पारी लाटायची, त्यात सारण भरायचं आणि अर्धचंद्रासारखी मिटायची. दिसायला थेट आपली करंजी, पण ही पाण्यात उकडतात. सारण कोबी आणि डुकराच्या मांसाचं, नाहीतर मटणाचं. अंडं आणि लसणाच्या पातीचं सारणही सर्रास मिळतं. जुन्या बायका उकळत्या पाण्यात ज्याओझ सोडल्यावर तीन वेळा गार पाण्याचा हबका मारतात, म्हणजे पारी फाटत नाही आणि सारण आतपर्यंत शिजतं. व्हिनेगरमध्ये बुडवून खायची.

चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री उत्तरेतल्या घराघरांत ही होतात. आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा, म्हणून ती लक्ष्मीची खूण. एखादीत नाणं लपवतात, ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष भाग्याचं. पण खरं महत्त्व करण्याला आहे. एकानं पीठ मळायचं, एकानं लाटायचं, बाकीच्यांनी भरायचं. दिवाळीच्या करंज्यांना आपल्याकडे जशी चार हातांची सोबत लागते, तसंच. आमच्या घरमालकीणबाईंनी मला पहिल्याच वर्षी त्या पंगतीत बसवलं. आईच्या वयाच्या बाईला तिथे ‘आयी’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द कसा ऐकू येतो, हे मी सांगायला नको. माझ्या हातच्या मुरडीकडे बघून आयींनी विचारलं, ‘हे कुठे शिकलीस?’ मी म्हटलं, ‘आयी, हे आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.’

उत्तरेतली न्याहारी म्हणजे राळ्याची पेज. राळा हे धान्य उत्तर चीनमध्ये हजारो वर्षांपासून पिकतं. छिंगहाय प्रांतात ला-ज्या इथल्या उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं, त्या शेवया राळ्यासारख्या भरड धान्यांच्या असल्याचं संशोधकांनी सांगितलं. आपल्याकडे भोगीला राळ्याचा भात करणारी घरं अजून आहेत. तिथे बाळंतिणीला राळ्याची मऊ पिवळी पेज देतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये ज्या हपै प्रांतात वारले, तो याच धान्याचा मुलूख.

बीजिंगला गेलात तर बदक चुकवून चालत नाही. ‘पेकिंग डक’ हा दरबारी थाटाचा पदार्थ. १८६४ मध्ये सुरू झालेलं च्वानजूद हे त्याचं नामांकित घर. बदकाची कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरून ती सुटी करतात, वरून उकळतं पाणी ओततात, माल्ट साखरेचा पातळ पाक चोळतात आणि टांगून वाळवतात. मग पोटात पाणी भरून फळझाडांच्या लाकडाच्या भट्टीत लटकवतात. बाहेरून ते भाजलं जातं आणि आतून वाफवलं जातं. म्हणून कातडी पापडासारखी कुरकुरीत आणि मांस मऊ. आचारी तुमच्यासमोर त्याचे पातळ काप करतो. तळहाताएवढ्या पातळ पोळीवर गोडसर दाट चटणी लावायची, कांद्याची पात आणि काप ठेवायचे, गुंडाळायचं आणि खायचं. उरलेल्या हाडांचं सूप होतं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या बदकांना परंपरेनं बळंच चारा भरवून पुष्ट करतात. ते ज्यांना रुचणार नाही त्यांनी हा पदार्थ सोडला तर त्यात वावगं काही नाही.

बीजिंगहून पश्चिमेला गेलं की पीत नदीकाठचं लानचौ शहर लागतं. तिथल्या हुई मुसलमानांचे ओढलेले नूडल्स आता चीनच्या प्रत्येक शहरात मिळतात. मा बाओझ नावाच्या विक्रेत्यानं १९१५ च्या सुमाराला या पदार्थाला आजचं रूप दिलं, असं मानतात. कारागीर कणकेची एक लांब वळी करतो, ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार. सातव्या घडीला १२८ तंतू होतात आणि आठव्या घडीला २५६. सुरी नाही, यंत्र नाही. गुपित आहे ते पिठात घातलेल्या खारात. तिथल्या वाळवंटी झुडपाच्या राखेतून तो परंपरेनं काढत. आपण उडदाच्या पापडाला पापडखार घालतो, त्याच्याच कुळातली ही युक्ती. खारामुळे गव्हातला चिकटपणा बळकट होतो, तंतू तुटत नाही आणि त्याला हलका पिवळा रंग येतो.

चांगल्या वाडग्याची पारख पाच रंगांत करतात. रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर हिरवी आणि नूडल्स पिवळसर. मूळ पदार्थात गोमांसाचा रस्सा असतो, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावं. मात्र या दुकानांची एक सोय लक्षात ठेवा. दारावर ‘छिंगचन’ अशी पाटी असते, तिचा अर्थ इथलं अन्न हलाल आहे. ज्यांना डुकराचं मांस टाळायचं आहे त्यांना ही पाटी म्हणजे मोठाच दिलासा. मटणाचे आणि अंडं-टोमॅटोचे प्रकारही तिथे बहुधा मिळतात.

आता नैर्ऋत्येला, सिचुआनला येऊ. या प्रांताचं जुनं इंग्रजी नाव आपल्या तोंडी बसता बसता ‘शेजवान’ झालं. पण आपल्या शेजवान चटणीत सिचुआनचा जीव की प्राण असलेला मसालाच नसतो. तो आहे ‘ह्वाज्याओ’. त्याचं झाड आणि आपल्या कोकण-गोव्याचं तिरफळ ही एकाच प्रजातीतली भावंडं. मालवणी घरात तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं ज्यानं खाल्लंय, त्याला सिचुआन अर्धं कळलं. बी टाकून साल वापरायची, हेही दोन्हीकडे तसंच. जिभेला येणारी ती झिणझिण म्हणजे तिखटपणा नव्हे, ती जाणीव स्पर्शाची आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की, ही झिणझिण ओठांना सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी भासते. मिरची मात्र तिथेही आपल्यासारखीच पाहुणी. ती अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात आशियात आली आणि दोन्हीकडे घरची झाली.

या झिणझिणीचा आणि तिखटाचा उत्तम मिलाफ म्हणजे ‘मापो टोफू’. ‘मा’ म्हणजे देवीचे व्रण, ‘पो’ म्हणजे म्हातारी. १८६२ च्या सुमाराला चेंगदूत एका पुलाजवळ छन आडनावाच्या कुटुंबाची खानावळ होती. तिथल्या, चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेल्या बाई हा पदार्थ करायच्या. गिऱ्हाईक म्हणजे तेलाची ओझी वाहणारे हमाल. स्वस्त टोफू, चिमूटभर खिमा आणि भाताचा डोंगर संपेल असा झणझणीत रस्सा, अशी ही कष्टकऱ्यांची सोय. बाईंचं स्वतःचं नाव कुणी फारसं लक्षात ठेवलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरच्या व्रणांच्या नावानं पदार्थ जगभर पोहोचला.

टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. त्याचे चौकोनी तुकडे आधी मिठाच्या गरम पाण्यात ठेवतात, म्हणजे ते फुटत नाहीत आणि सोयाबीनचा कच्चट वास जातो. रश्शाला रंग येतो तो पीशिएन गावच्या चटणीनं. बाकला नावाच्या मोठ्या कडधान्याचे दाणे आणि लाल मिरच्या मीठ घालून मातीच्या रांजणांत महिनोन्‌महिने मुरवतात. ऊन पडलं की झाकण काढायचं आणि ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं. लोणच्याच्या बरणीला जपणाऱ्या आपल्या आज्या आठवाव्यात, अशी ती निगा. खिम्याऐवजी मशरूम घातलेला मापो टोफू शाकाहाऱ्यांनी जरूर मागावा.

सिचुआनचाच दुसरा पदार्थ ‘गोंगबाओ’ कोंबडी. आपल्याकडच्या हॉटेलांत ती ‘कुंग पाव’ म्हणून भेटते. हे नाव दिंग बाओझन या अधिकाऱ्याच्या मानाच्या पदवीवरून पडलं. ते एकोणिसाव्या शतकात सिचुआनचे राज्यपाल होते आणि १८८६ मध्ये वारले. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात राजेशाहीतल्या अधिकाऱ्याचं नाव नको म्हणून पदार्थाचं नाव बदललं गेलं. नाव बदललं तरी कढई तीच राहिली आणि काही वर्षांनी जुनं नावही परत आलं. कोंबडीचे शेंगदाण्याएवढे तुकडे, तळलेले शेंगदाणे, सुक्या मिरच्या, आणि आंबटगोड असा हलका रस. एक सूचना. त्यातल्या सुक्या मिरच्या तेलाला वास यावा म्हणून असतात, खायला नव्हे. काडीनं बाजूला सारायच्या. आपण मसालेभातातली लवंग बाजूला ठेवतो, तसं.

यांगत्से नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे शांघाय आहे. तिखटाहून गोडसर चवीकडे झुकलेला हा प्रदेश. तिथला ‘श्याओलोंगबाओ’ बघितला की मराठी माणूस म्हणतो, ‘अरे, हा तर उकडीचा मोदक!’ वर कळ्या, खाली गोल पोट आणि बांबूच्या टोपलीतली वाफ. शांघायजवळच्या नानश्यांग गावात एकोणिसाव्या शतकात तो नावारूपाला आला. आत मांसाचं सारण असतं आणि कडकडीत रस्साही. पातळ रस्सा पारीत भरला कसा, हे कोडं सगळ्यांनाच पडतं. उत्तर सोपं आहे. डुकराची कातडी उकळून काढलेला अर्क गार केला की जेलीसारखा थिजतो. ती जेली बारीक करून सारणात मिसळतात. उकडताना ती वितळते आणि आत रस्सा तयार होतो.

तो खायची एक रीत आहे. अख्खा तोंडात टाकाल तर टाळू भाजेल. टोपलीतून अलगद उचलून चमच्यावर ठेवायचा, कडेला लहानसा चावा घ्यायचा, आतला रस्सा चोखायचा, मग काळ्या व्हिनेगरमध्ये आल्याची किस घालून उरलेला खायचा. आपण मोदकाचं नाक मोडून तूप सोडतो आणि ते ओठांतून आत घेतो. दोन्ही ठिकाणी छिद्र पाडणं आलंच.

अगदी दक्षिणेला ग्वांगदोंग, म्हणजे जुनं कँटन. तिथे सकाळी ‘याम छा’ला जायचं. शब्दशः अर्थ चहा पिणं, पण चहाबरोबर येतात वाफाळत्या टोपल्या, एकेकीत तीनचार घास. त्यांना ‘दिम सम’ म्हणतात, म्हणजे हृदयाला हलकेच स्पर्श करणारं काही. ‘हार गाऊ’ नावाच्या कोळंबीच्या मोदकाची पारी इतकी पारदर्शक असते की आतली गुलाबी कोळंबी दिसते. ती पारी गव्हाच्या चिकाची. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून, वाटून जो चीक काढतो, तोच वाळवून पीठ केलेला. कुरडया घालणाऱ्या घरातल्या बाईला हे ऐकून अजिबात आश्चर्य वाटणार नाही. कुणी आपल्या पेल्यात चहा ओतला की टेबलावर दोन बोटं हलकेच आपटायची, हे तिथलं ‘आभारी आहे’.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी तिथला वाफवलेला मासा चुकवू नये. मासा टाकीतला जिवंत दाखवतात, मग आलं आणि पात घालून थोडी मिनिटं वाफवतात आणि वरून सोया सॉस आणि कडकडीत तेल ओततात. बस्स. मसाला नाही, खोबरं नाही. मासा ताजा नसेल तर हा पदार्थ लगेच चुगली करतो. एक बाजू खाऊन झाली की मासा उलटायचा नाही, मधला काटा उचलून खालचं मांस घ्यायचं. मासा उलटला तर होडी उलटते, अशी तिथल्या दर्यावर्दी लोकांची समजूत आहे.

आता तुम्ही म्हणाल, ‘बाई, आम्ही शाकाहारी. आम्हाला काय?’ तुमच्यासाठी तिथे दीड हजार वर्षांची परंपरा आहे. सहाव्या शतकात ल्यांग घराण्याच्या वू या बौद्ध सम्राटानं भिक्षूंसाठी मांसाहार वर्ज्य केला आणि तेव्हापासून चिनी मठांच्या मुदपाकखान्यांत शाकाहाराची एक स्वतंत्र कला वाढली. मशरूम, बांबूचे कोंब, टोफू, कमळकाकडी, गव्हातल्या चिकट भागाचे गोळे असं सगळं एकत्र शिजवलेली ‘लोहानची भाजी’ हा त्यातला मानाचा पदार्थ. लोहान म्हणजे आपल्या ‘अर्हत’ शब्दाचं चिनी रूप. पुष्कळ घरांत तो नववर्षाच्या पहिल्या दिवशी खातात. मठांत कांदा-लसूणही चालत नाही. त्यांच्या पाच वर्ज्य उग्र पदार्थांच्या यादीत चक्क हिंगही आहे. आपल्या चातुर्मासाच्या नियमांहून कडक! शांघायमधलं गोंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह १९२२ मध्ये सुरू झालेलं आहे. मोठ्या बौद्ध मंदिरांच्या आसपास अशी जागा शोधावी. ‘सू’ म्हणजे शाकाहारी, हा एक शब्द पाठ असावा. साध्या हॉटेलात मात्र भाजीत मांसाचा अर्क किंवा डुकराची चरबी असू शकते, तेव्हा नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. तेल कोणतं आणि रस्सा कशाचा, तेही विचारावं.

हे झाले नावाजलेले पदार्थ. पण चिनी घरात रोज संध्याकाळी शिजतं ते याहून साधं. लसणाची फोडणी दिलेली हिरवी पालेभाजी. तांदळाची पेज आणि तिच्याबरोबर खारवलेली मोहरीची पानं. मालवणात पेजेबरोबर लोणचं घेतात त्याचीच आठवण व्हावी. आणि टोमॅटो-अंडं. अंडी फेटून, परतून बाजूला काढायची, टोमॅटो मीठ आणि चिमूटभर साखर घालून शिजवायचे, अंडी परत घालायची. बहुतेक चिनी मुलं स्वयंपाकात पहिल्यांदा हेच शिकतात. हॉटेलाच्या यादीत ते शेवटच्या ओळीत असतं. पण चिनी माणसाला घराची आठवण आली की तो हेच मागवतो. मला विचाराल तर तिथे गेल्यावर पहिल्या रात्री हेच खावं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. ‘चिनी लोक काय वाट्टेल ते खातात’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. दुष्काळ आणि गरिबी पाहिलेल्या देशात काही भागांत, काही लोक वेगळं काही खातात, हे खरं. जगात तसे मुलूख पुष्कळ आहेत. पण एवढ्या मोठ्या समाजाचं ताट त्यावरून ठरवणं म्हणजे अज्ञान. आणि हे अज्ञान निरुपद्रवी नसतं. २०२० मध्ये साथ आली, तेव्हा आपल्याच शहरांत ईशान्य भारतातल्या मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. त्याआधी, १९६२ च्या युद्धानंतर, सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. त्यातले बरेच जण भारतातच जन्मलेले होते. पुष्कळ कुटुंबं पुढे देश सोडून गेली. ज्या समाजानं आपल्याला हाका नूडल्स दिले, त्याचीच ही गत. मुंबईत माझगावला १९१९ सालचं एक चिनी देऊळ आजही आहे. त्याच्या आसपास कधी काळी चांगली मोठी वस्ती होती. आपण त्यांची कढई ठेवून घेतली, माणसं मात्र परकीच ठेवली.

दुसऱ्याच्या अन्नाची घृणा करायला शिकलं की माणसाची घृणा करणं सोपं जातं. उलट, राळ्याची पेज बाळंतिणीला तिथेही देतात, कुरडईचा चीक तिथेही काढतात, तिरफळाची भावंडं तिथेही वापरतात, हे एकदा कळलं की ‘ते लोक’ हा शब्द जिभेवर अडखळतो.

तर शेवटी कामाचं थोडं. कधी जाणं झालं, अगदी नातवाला वैद्यकीय शिक्षणासाठी पोहोचवायला का होईना, तर बॅगेत ठेपले आणि चिवडा जरूर न्या, प्रवासात उपयोगी पडतात. पण जेवायला बसाल तेव्हा चौघांत मिळून मागवा. एक गार कोशिंबिरीसारखा पदार्थ, एक पालेभाजी, एक टोफू, चालत असेल तर एक मासा किंवा मांस, एक सूप आणि भात. ज्या प्रांतात असाल त्या प्रांताचंच मागवा. चेंगदूत बदक आणि बीजिंगमध्ये वाफवलेला मासा मागणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन सोलकढी मागण्यासारखं आहे. मिळेल, पण ती तिथली नव्हे.

आणि जुन्या पिढीतलं कुणी भेटलं तर ते तुम्हाला ‘कसे आहात’ असं न विचारता ‘छ फान ल मा’ असं विचारतील. त्याचा अर्थ, ‘जेवलात का?’ याला उत्तर कसं द्यायचं, हे मराठी माणसाला शिकवायला नको.